चलच्चित्राचे तीन पाय

चलच्चित्राची कथा सांगणारे लोक कॅमेऱ्याचें कौतुक करतात, भिंगाचें करतात, नटनटींचें तर पुरेपूर करतात. परंतु तो कॅमेरा ज्या लांकडी तिवईनें आपल्या तीन पायांवर तोलून धरिला, तिचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. आम्हांस हा अन्याय वाटतो. कॅमेरा हा डोळा खरा. पण डोळा कितीहि तीक्ष्ण असला तरी मान सतत डुगडुगत असेल तर त्यास धड दिसणार काय? पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत ह्या मानेचा आणि तिला पेलणाऱ्या पायांचा प्रश्न मोठा बिकट होता. तो कसा सुटत गेला, आणि आपल्या महाराष्ट्रांतील एका गृहस्थाचें सारें भवितव्य एकदां ह्या तीन पायांवर कसें उभें होतें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम, पाय तीनच कां? भूमिति शिकवितांना हा प्रश्न आम्ही वर्गांत मुलांस विचारीत असूं, आणि उत्तर बहुधा ज्याच्या घरीं चूल पेटते अशा मुलाकडून येई. चुलीचे दगड तीन असतात. जमीन उंचसखल असली तरी तीन दगडांवर ठेवलेलें भांडें डुगडुगत नाहीं, कारण कोणतेहि तीन बिंदु घेतले तरी त्यांतून एक पातळी जातेच जाते. चौथा बिंदु त्या पातळींत बसेल कीं नाहीं हें मात्र दैवाधीन. आमच्या जुन्या जालन्यांतील जुन्या वाड्यांत फरशीवर चार पायांची खुर्ची ठेवा. एका पायाखालीं कागदाची घडी सारल्यावांचून ती स्थिर होईल तर शपथ! तिवईस ही घडी लागत नाहीं. जमीन मोजणारे लोक आपली दुर्बीण ह्याच कारणास्तव तिवईवर बसवीत आले आणि स्थिर छायाचित्रें काढणाऱ्यांनींहि तिचाच आश्रय केला. धंद्यांतील लोक तिला ‘स्टँड’ म्हणतात. आम्ही आपला तिवई हा घरचा शब्द ठेवितों.

परंतु स्थिर छायाचित्राची तिवई चलच्चित्रास पुरेना. त्याचें कारण कॅमेऱ्याच्या कुशीस असलेला हातदांडा. जुन्या मूकपटांच्या काळीं कॅमेऱ्यांत विजेची मोटर नसे. छायालेखक उजव्या हातानें दांडा फिरवी. एका फेऱ्यास आठ चित्रें उमटत. सेकंदास दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रें. एक फूट फिल्मवर सोळाच चित्रें मावतात, तेव्हां सेकंदास एक फूट आणि मिनिटास साठ फूट फिल्म सरे. वेग कमीजास्त झाला तर पडद्यावरचीं माणसें धांवूं लागत किंवा रेंगाळूं लागत. म्हणून कित्येक छायालेखक मनांतल्या मनांत एखादी चाल गुणगुणून हाताचा ठेका राखीत असत. आतां जात्यावर दळणाऱ्या बाईकडे पाहावें. खुंटा फिरतो वरच्या तळीचा, पण जातें हलकें असेल तर खालची तळीहि जागची सरकते. कॅमेऱ्याचेंहि तसेंच. दांडा वर जातांना कॅमेरा किंचित् मागें झुके, खालीं येतांना पुढें. आणि दांडा एकाच बाजूस असल्यामुळें शिवाय थोडा पीळहि पडे. म्हणजे चित्र घेण्याची जी क्रिया, तीच चित्र बिघडविण्याची क्रिया. सेकंदास दोन वेळां हा धक्का बसावयाचा, आणि त्यांतून चित्र निश्चल राखावयाचें!

धक्का तो केवढा, असें कोणी म्हणेल. त्यास थोडें गणित सांगतों. मूकपटाच्या फिल्मवरील एक चित्र सुमारें एक इंच रुंद असतें. तें वीस फूट रुंदीच्या पडद्यावर टाकलें म्हणजे सुमारें अडीचशें पट मोठें होतें. नेहमींचें भिंग दोन इंचांचें धरिलें आणि कॅमेरा एका अंशाचा अवघा दहावा हिस्सा कलला, तरी पडद्यावर सगळें दृश्य जवळजवळ एक इंच उडी मारतें. ती उडी सेकंदास दोनदां, घटकाभर पाहावी लागली तर प्रेक्षकाचें कपाळ न दुखलें तरच नवल. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, पडद्यावर चित्र थरथरतें तेव्हां दोष नेहमीं तिवईचाच असतो असें नाहीं. फिल्मच्या कडांची छिद्रें समान अंतरावर पडलीं नसलीं तरी असेंच होतें. आणि प्रारंभीं तीं छिद्रें पाडण्याचें कामहि छायालेखकाच्याच घरीं होत असे. तें आपल्याकडे कोणी केलें तें पुढें येईलच.

ह्या धक्क्यावर उपाय एकच सुचला, तो म्हणजे वजन आणि ताठरपणा. चित्रपटाच्या तिवया जाड लांकडाच्या झाल्या. पाश्चात्य कारागीर त्यासाठीं ‘ॲश’ नांवाच्या झाडाचें लांकूड पसंत करीत. लांकूडच कां, लोखंड कां नाहीं? घंटेवर टोला मारून पाहावा, आणि मग पाटावर. धातु कंप धरून ठेवतो, लांकूड तो गिळून टाकतें. प्रत्येक पाय दुहेरी काठ्यांचा, खालीं टोंकास लोखंडी खिळा. मातींत उभें करावयाचें तर तो पायानें दाबून रोवावयाचा. घरांत फरशीवर खिळा घसरे, तेव्हां खालीं लांकडाचा एक त्रिकोण टाकीत आणि तिन्ही पायांचीं टोंकें त्याच्या खांचांत बसवीत. वारा असला तर मध्यभागीं वाळूची पिशवी टांगीत. ह्यांत पांडित्य कांहींच नाहीं. सुताराची आणि गवंड्याची अक्कल आहे.

आतां ह्या विद्येचा इतिहास. अमेरिकेंत एडिसनच्या कारखान्यांत जो पहिला चलच्चित्रकॅमेरा झाला, तो इतका अवजड आणि विजेवर अवलंबून होता कीं त्यास तिवईवर घेऊन बाहेर हिंडण्याची सोयच नव्हती. म्हणून १८९३ सालीं त्यांनीं कॅमेऱ्यासाठीं एक काळी खोली बांधिली आणि ऊन हवें तिकडे ती खोलीच रुळावरून फिरवीत. कॅमेरा हलेना म्हणून घर हलविलें! फ्रान्सांतील ल्युमिएर बंधूंनीं १८९५ सालीं हलका, हातानें फिरवावयाचा कॅमेरा काढिला आणि तो तिवईसकट जगभर गेला. त्यांचीं चित्रें मुंबईस वॉटसन हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं दाखविण्यांत आलीं. त्यांनीं ज्यांच्या मनावर ठसा उमटविला त्यांपैकीं एक हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा. त्यांचा धंदा छायाचित्रांचा. त्यांनीं विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ सालीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्र घेतलें. पुढें १९०१ सालीं रँग्लर परांजपे केंब्रिजहून यश मिळवून परत आले, त्यांच्या स्वागताचेंहि चित्र त्यांनीं घेतलें. शिक्षकाच्या पेशास ह्याचें अगत्य वाटावें हें स्वाभाविकच आहे.

कुस्तीचें चित्र प्रथम घेतलें हें आम्हांस फार सूचक वाटतें. त्या काळीं बहुतेक कॅमेरे तिवईवर घट्ट आंवळलेले असत. एकदां रोखले कीं रोखले. कुस्ती हौद्यांत किंवा मैदानाच्या एका तुकड्यांत होते. मल्ल फार दूर पळत नाहींत. मिरवणुकीचें तसें नाहीं, ती कॅमेऱ्यासमोरून निघून जाते. ह्या अडचणीवर इंग्लंडांत रॉबर्ट पॉल नांवाच्या यंत्रज्ञानें १८९७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या मिरवणुकीसाठीं तोड काढिली. त्यानें तिवईच्या माथ्यावर फिरतें डोकें बसविलें आणि मिरवणुकीमागोमाग कॅमेरा आडवा वळवितां येऊं लागला. तिवईस मान फुटली ती तेथून. पुढें ह्या मानेंत दांत्यांचीं चाकें आलीं. एका दांड्यानें कॅमेरा डावीउजवीकडे वळे, दुसऱ्यानें वर-खालीं.

पण मान फुटली आणि छायालेखकाची कसोटी सुरू झाली. उजवा हात फिल्मच्या दांड्यावर, सेकंदास दोन फेरे, न चुकतां. डावा हात मानेच्या दांड्यावर, दृश्याच्या गतीप्रमाणें कधीं मंद, कधीं जलद. दोन हातांच्या दोन लयी, आणि एकीनें दुसरीस बिघडवावयाचें नाहीं. तबलजीचे दोन हात वेगळे बोलतात हें खरें. पण ते एकाच तालाचे चाकर असतात. येथें तर दोन तालांची चाकरी एका माणसास करावी लागे.

आतां आम्ही मूळ विषयाकडे वळतों, तो म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. त्र्यंबकेश्वरीं १८७० सालीं त्यांचा जन्म. ख्रिस्तचरित्राचा चित्रपट मुंबईस पाहून आपल्या देवादिकांचे असे चित्रपट व्हावेत हा ध्यास त्यांस लागला. त्यापायीं विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या, आणि १९१२ च्या फेब्रुवारींत ते लंडनास गेले. तेथें सेसिल हेपवर्थ ह्याचा कारखाना पाहिला, विल्यमसनचा कॅमेरा आणि छिद्रें पाडण्याचें यंत्र खरेदी करण्याची व्यवस्था केली आणि एप्रिलांत परत आले. यंत्र आलें, पण भांडवल कोठें? गहाण टाकण्याजोगें फारसें उरलें नव्हतें, आणि ‘चित्र हलतें’ ह्या शब्दांवर कोणी रुपये मोजीत नाहीं.

तेव्हां त्यांनीं काय करावें? एका कुंडींत वाटाण्याचे दाणे पेरिले, समोर कॅमेरा रोंविला, आणि महिनाभर त्या अंकुराचीं चित्रें एकेक करून घेतलीं. तें चित्र पडद्यावर जेमतेम मिनिटभराहून थोडें अधिक चालतें: दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानें उलगडतात, वेल चढते. त्याचें नांव ‘अंकुराची वाढ’. सेकंदास सोळा चित्रें ह्या हिशेबानें मिनिटास नऊशें साठ होतात. महिन्यावर वाटलीं तर दिवसास बत्तीस पडतात. ह्या नऊशें साठांपैकीं प्रत्येक चित्रांत कुंडी त्याच जागीं, त्याच कोनांत दिसली पाहिजे. मधल्या एखाद्या दिवशीं मोलकरणीचा झाडू तिवईच्या पायास लागला, लेंकरूं खेळतां खेळतां तिला बिलगलें, किंवा आर्द्र्याच्या पावसानें लांकूड फुगून सांधा ढिला झाला, तर अंकुर वाढण्याऐवजीं कुंडीच नाचूं लागावयाची. नेहमींच्या चित्रांत एक दृश्य बिघडलें तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां घेतां येतें. येथें बिघाड झाला तर पुन्हां दाणे पेरून पुन्हां महिना मोजावा लागता. आणि घरांत महिन्यांची शिल्लक नव्हती.

लेंकरांच्या घरांत महिनाभर एक वस्तु जागची हलूं न देणें ही गोष्ट कोणत्या गृहिणीस सोपी वाटेल, तें आमच्या वाचक भगिनींनींच सांगावें. सरस्वतीबाई फाळके ह्यांचें नांव ह्या सर्व कथेंत जेथें तेथें येतें. रात्रीं अंधारांत फिल्मला छिद्रें पाडावयाचें काम त्यांनीं केलें, उन्हांत पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडिला, दागिनेहि दिले. फिल्मचीं छिद्रें आणि तिवईचे पाय ह्या दोन्ही गोष्टी निर्दोष असल्या म्हणजेच चित्र स्थिर राहतें हें वर सांगितलेंच आहे. तीं छिद्रें कोणाच्या हातचीं होतीं तें आतां कळलें.

वाटाण्याची वेल पडद्यावर सरळ वर चढली. तें चित्र निवडक गृहस्थांस दाखविण्यांत आलें, आणि त्यांपैकीं यशवंतराव नाडकर्णी व नारायणराव देवहारे प्रभृतींनीं कर्ज देऊं केलें. ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला. कर्ज मिळालें तें कल्पनेवर मिळालें, कर्तृत्वावर मिळालें, हें सर्व मान्य; तथापि कुंडी हलली असती तर ती कल्पना आणि तें कर्तृत्व त्या सावकारांस पटवून देणें किती कठीण गेलें असतें ह्याचा विचार व्हावा.

फाळक्यांच्या पुढील चित्रांतहि हाच निश्चल कॅमेरा त्यांचा खरा जादुगार होता. देव अंतर्धान पावतो कसा? नट उभा असतो, कॅमेरा थांबवितात, नट बाजूस होतो, कॅमेरा पुन्हां सुरू. पडद्यावर देव क्षणांत नाहींसा! परंतु थांबणें आणि सुरू होणें ह्यांमध्यें कॅमेरा केसभर सरकला तर मागची भिंतहि देवाबरोबर उडी मारते, आणि लहान पोरहि हंसून सांगतें कीं, येथें कांहीं लबाडी आहे. ‘श्रीकृष्णजन्म’ (१९१८) ह्या चित्रांत कंसास आपलें शिर धडावेगळें झाल्याचा भास होतो. शिर वर तरंगतें, पुन्हां जागीं येतें. असा चमत्कार एकाच फिल्मवर एकाहून अधिक वेळां चित्र घेऊन साधतात. दोन्ही वेळचीं चित्रें एकमेकांवर तंतोतंत बसलीं तरच भास पटतो. ‘लंकादहन’ (१९१७) आणि ‘कालियामर्दन’ (१९१९) ह्यांतील चमत्कारांनीं लोक भारून गेले. त्र्यंबक तेलंग ह्यांस फाळक्यांनीं कॅमेरा चालवावयास शिकविलें होतें. असें शिक्षण घेणाऱ्यास पहिला धडा दांड्याचा आणि दुसरा तिवईचा मिळाला असेल, ह्यांत आम्हांस शंका वाटत नाहीं.

कोल्हापुराकडे धांवती नजर टाकूं. तेथें आनंदराव आणि बाबूराव पेंटर ह्या बंधूंनीं कॅमेरा घरींच बनविण्याचा चंग बांधिला. आनंदराव १९१६ सालीं वारले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्यानें तो १९१८ सालीं पुरा केला आणि त्यावर ‘सैरंध्री’ (१९२०) घेतला. बाजारांत विकत न घेतां कातकाम करून कॅमेरा उभा करणाऱ्या ह्या मंडळींबद्दल आमच्या मनांत जो आदर आहे, तो पुष्कळशा पदवीधरांबद्दलहि नाहीं. हीच परंपरा पुढें प्रभात कंपनींत गेली. ‘अमृतमंथन’ (१९३४) ह्या चित्रांत राजगुरूचा डोळा दूरदर्शी भिंगानें मोठा करून दाखविला आहे. आतां वरचें गणित आठवावें: दोन इंचांच्या भिंगास एक दशांश अंशाच्या कलानें इंचभर उडी बसते, भिंग बारा इंचांचें घेतलें तर तीच उडी पांच इंचांची होते. भिंग लांबचें पाहूं लागलें कीं तिवईस अधिक निश्चल व्हावें लागतें.

तोंपर्यंत पाश्चात्य देशांत दोन नव्या युक्त्या निघाल्या होत्या. पहिली कार्ल एकली ह्याची. हा गृहस्थ मेलेल्या प्राण्यांचीं कातडीं भरून संग्रहालयांत ठेवण्याच्या कामांत निष्णात. आफ्रिकेंत धांवत्या श्वापदांचें चित्र घेतांना दांत्यांच्या दोन दांड्यांशीं झटतां झटतां जनावर निसटून जाई. त्यानें १९१५ च्या सुमारास नवा वाटोळा कॅमेरा आणि त्याची नवी मान योजिली. तींत कॅमेरा वळविला कीं दांत्यांच्या द्वारें आंतलें एक जड चाक वेगानें फिरे. जड चाकास एकदां गति मिळाली कीं तें एकदम थांबत नाहीं आणि एकदम सुटतहि नाहीं. कुंभाराचें चाक काठीनें फिरवून सोडलें म्हणजे तें हातास जशी संथ साथ देतें, तशी ही मान छायालेखकास साथ देई; हाताचे बारीक झटके चाक गिळून टाकी. एकाच दांड्यानें कॅमेरा हवा तिकडे वळे. पहिल्या महायुद्धांत अमेरिकन सैन्यानें हा कॅमेरा वापरला आणि फ्लाहर्टीनें एस्किमो लोकांवरील आपला १९२२ चा प्रसिद्ध चित्रपट अशाच कॅमेऱ्यांनीं घेतला.

दुसरी युक्ति अधिक धाडसी. काझिमिएर्झ प्रोशिन्स्की ह्या पोलिश यंत्रज्ञानें १९१० च्या सुमारास तिवईच टाकून दिली. त्याच्या ‘एरोस्कोप’ कॅमेऱ्यांत पंपानें हवा कोंबून भरीत आणि ती हवा फिल्म चालवी. त्यामुळें दांडा नाहीं आणि दांड्याचा धक्काहि नाहीं. हातांतला कंप आंवरण्यासाठीं आंत एक भिरभिरतें चाक असे. भोंवरा फिरत असेपर्यंत पडत नाहीं, त्यास ढोंसलें तरी तो आपला अक्ष सोडीत नाहीं, हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें; तोच भोंवरा ह्यानें कॅमेऱ्याच्या पोटांत बसविला. युद्धभूमीवर आणि पक्ष्यांच्या घरट्यांपाशीं हा कॅमेरा उपयोगीं पडला.

बोलपट आले, मोटर आली, सेकंदास चोवीस चित्रें झालीं, आणि हातदांडा इतिहासजमा झाला. पुढें ऑस्ट्रेलियांत मिलर नांवाच्या कारागिरानें १९४६ सालीं तिवईच्या मानेंत घट्ट तेलकट द्रव भरून तिची हालचाल लोण्यासारखी केली. आणि १९७५ च्या सुमारास गॅरेट ब्राउन ह्या अमेरिकनानें अंगांत घालावयाच्या जाकिटास स्प्रिंगांचा हात जोडून चालत्या माणसासच तिवई केलें. आजच्या भ्रमणध्वनींत तर बारीकशी चकती हाताचा कंप मोजते आणि त्याच्या उलट दिशेनें भिंग किंवा चित्र सरकविते. भोंवऱ्याचें काम चिमूटभर वाळूएवढ्या वस्तूनें करावें हें पाहून थक्क व्हावें तितकें थोडें.

तरीहि आषाढी एकादशीस आमच्या जुन्या जालन्यांत आनंदीस्वामींची पालखी निघते तेव्हां तरुण मंडळी जीं चित्रें घेतात, तीं पाहून घेरी येते. चालतांना घेतलेलें चित्र एक वेळ सोडा; परंतु घरांतल्या म्हातारीच्या ओव्या, आजोबांचें पठण, हीं चित्रें तरी हातांत धरून घेऊं नयेत. म्हातारी गात असते वीस मिनिटें, आणि नातवाचा हात दुखूं लागतो चौथ्या मिनिटास. पुढच्या वर्षीं म्हातारी असेलच असें नाहीं.

म्हणून ज्यांस इच्छा असेल त्यांच्यासाठीं चार गोष्टी सांगतों. बाजारांत हलकी तिवई थोडक्या पैशांत मिळते, ती घ्यावी. तिचा एक पाय दृश्याकडे पुढें करावा आणि दोन पाय आपल्याकडे ठेवावे, म्हणजे पायांत पाय अडकत नाहीं. मधली उभी नळी शक्यतों उंचावूं नये, उंची पायांनींच घ्यावी. नळी उंचावली कीं तीन पायांची तिवई एका पायाची होते. मधल्या आंकड्यास दोन-तीन शेर तांदुळाची पिशवी टांगावी, पण ती लोंबकळत झुलूं देऊं नये, जमिनीस किंचित् टेंकवावी. पंखा, वरवंटा आणि लहान मुलें ह्यांपासून तिवई हातभर दूर असावी. आणि बटण दाबल्यावर दहापर्यंत अंक मोजून मगच म्हातारीस गावयास सांगावें, कारण बोटाचा धक्का निवावयास तेवढा वेळ लागतो.